चौदावा रविवार

“आज रविवार हाय,” शकुबाई म्हणाली.

ओसरीच्या पायरीवर बसून विश्वंभर चपलेचा पट्टा लावत होता. त्याने मान वर केली. अंगणात फवारणीचा पंप विसळणारा त्याचा धाकटा भाऊ कोंडीबा थांबला आणि चुलीपुढे बसलेल्या जावेचा, रुक्माबाईचा, भाकरी थापणारा हात परातीतच राहिला. या घरात एकादशी कधी, अमावास्या कधी, बाजार कधी हे लेकराबाळांनाही ठाऊक असे. रविवार मात्र नुसताच येऊन जाई. त्याचे नाव असे मोठ्याने कुणी घेतलेले नव्हते.

“मंग?” विश्वंभरने विचारले.

“मंग काय? फिराया न्या की कुठं. तिकडं अनिरुद्ध दर रविवारी न्यायचा.”

कोंडीबा मोठ्याने हसला. “वैनी, तिकडं किल्ले व्हते, धबधबे व्हते. हितं काय पाहता? दादा, पान्याच्या टाकीवर चढवा वैनीला. अख्खं गाव दिसतंय वरून.”

“गुरुवारी इमानात बसायचंय अन् आज फिरायचं सुचून राहिलं!” रुक्माबाई म्हणाली. “अक्का, बॅगा कोन भरनार? लोनचं अजून बरनीतच हाय.”

“आल्यावर भरते. तीन दिस हायेत मधी.”

विश्वंभर उठला. बायकोकडे न पाहता, भावाकडे पाहत तो म्हणाला, “औंढ्याला जाऊन येतो. दर्शन व्हईल. एवढ्या लांब चालली, देवाच्या पाया पडलेलं बरं.”

ते बोलणे शकुबाईसाठीच होते. पण नवराबायकोतले बोलणे तिसऱ्याच्या तोंडावर सांगण्याची या घरची रीत होती. सासू जाऊन बारा वर्षे झाली होती, तरी ओसरीवर तिची नजर अजून बसलेली होती. तिच्या देखत विश्वंभरने बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि शकुबाई त्याच्या बाजेच्या कडेला कधी टेकली नव्हती. लग्नाला एकेचाळीस वर्षे झाली होती.

गुरुवारी रात्री हैदराबादहून विमान होते. जर्मनीत अनिरुद्धच्या बायकोचे, संपदाचे, दुसरे बाळंतपण होते आणि आईने तीन महिन्यांसाठी यावे असा त्याचा आग्रह होता. तिकीट एकट्या शकुबाईचे होते. गेल्या फेब्रुवारीत, हळद शिजवण्याच्या ऐन धांदलीत, विश्वंभरच्या छातीत कळ आली. नांदेडला नेऊन रक्तवाहिनीत तार टाकली, फुगा फुगवला, आणि डॉक्टर म्हणाले, हृदयाचे पंपिंग पस्तीस टक्के आहे, इतका लांबचा विमानप्रवास नको. विश्वंभरने हे गावात मोटारीच्या भाषेत सांगितले होते. “मोटार चालू हाय, पर व्होल्टेज न्हाई. पानी वरच्या वावरापस्तोर चढत न्हाई.” लोक हसत. शकुबाई हसत नसे.

तिला औंढ्याला जायचे नव्हते. विश्वंभरने तिला एक शब्द दिला होता आणि सव्वा वर्ष तो पाळला नव्हता. तो शब्द पाळता येईल असा दुसरा माणूस या जगात नव्हता. म्हणून आजचा रविवार.

फाट्यापर्यंतचे अंतर विश्वंभर नेहमीप्रमाणे दहा पावले पुढे चालला. मात्र आता तो मध्येच उभा राहून सोयाबीनच्या शेंगा पाहिल्यासारखे करी आणि श्वास घेई. तो थांबला की शकुबाईही मागे थांबे. फाट्यावर पोहोचल्यावर तो लिंबाखाली पुरुषांत जाऊन उभा राहिला, ती पत्र्याच्या निवाऱ्यात बायांमध्ये बसली. मधे वीस-पंचवीस हातांचे अंतर होते. एवढ्या अंतरावरून बोलता येते. पण जे बोलायचे ते नाही.

गेल्या वर्षी एप्रिल ते जुलै दोघे जर्मनीत होते. तीन महिन्यांचा व्हिसा, त्यात तेरा रविवार. शकुबाईने ते मोजले होते.

अनिरुद्ध हाइलब्रॉन नावाच्या गावात नोकरीला होता. आठवडाभर तो आणि संपदा कामाला, नात आरोही बालवाडीत. आणि ही दोन माणसे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, आवाज होऊ नये म्हणून दबकत चालणारी. मग रविवार येई. तिकडे रविवारी दुकाने बंद, रस्ते ओस. जणू गावाला सुतक पडले आहे, असे विश्वंभरला पहिल्या रविवारी वाटले होते. अनिरुद्ध शनिवारीच यादी करी. आईबापांनी आयुष्यात नांदेड, तुळजापूर आणि एकदा लग्नापुरते पुणे एवढेच पाहिलेले. तेव्हा या तीन महिन्यांत त्यांना सगळे दाखवून टाकायचे, असा त्याचा ध्यास होता. पहाटे उठून शकुबाई दशम्या करी, ठेचा बांधून घेई. दोन-दोन रेल्वे बदलून ती पाच माणसे कुठल्या तरी गावी उतरत.

आणि प्रत्येक गावात पायऱ्या असत.

ते लोक उंचावर फार जातात, हे शकुबाईच्या पहिल्याच महिन्यात ध्यानात आले. किल्ला डोंगरावर, चर्चचा मनोरा ढगात, धबधबा पाहायचा तर खोल दरीत उतरायचे आणि पुन्हा चढायचे. विश्वंभरचे गुडघे धड नव्हते. पहिल्या रविवारी ऱ्हाईन नदीच्या धबधब्यापाशी अनिरुद्धने पायऱ्यांकडे पाहिले, बापाच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघं इथं बाकावर बसा. आम्ही पाऊण तासात आलोच.”

हे वाक्य तो पुढे बाराही रविवारी म्हणाला.

बाक तिथे जागोजाग होते. नदीच्या काठी, द्राक्षांच्या मळ्यांच्या बांधावर, कबरस्तानाच्या भिंतीला लागून. जिथे म्हणून माणसाला दोन घटका टेकावेसे वाटेल तिथे कुणीतरी आधीच विचार करून लाकडी बाक ठेवलेला. पहिल्या रविवारी विश्वंभर एका टोकाला बसला, शकुबाई दुसऱ्या टोकाला, आणि मधे दशम्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि आरोहीचे जाकीट. धबधब्याचा आवाज तेवढा येत होता. पाऊण तासात विश्वंभर एकच वाक्य बोलला, “लई पानी वाया चाललं.”

जाणारे-येणारे म्हातारे मान लववून “ग्रूस गॉट” म्हणत. विश्वंभर प्रत्येकाला “रामराम” म्हणे. अनिरुद्धने सांगितले की त्यांच्यातही देवाचेच नाव घेतात, तेव्हा विश्वंभर म्हणाला, “मंग बराबर हाय की.” त्यानंतर तो आपणहून आधी रामराम घालू लागला.

चौथ्या रविवारी शकुबाईने मधली पिशवी उचलून पायाशी ठेवली. दशम्या काढताना ती सारखी मधे येई म्हणून. ती पुन्हा वर ठेवायचे दोघांनाही सुचले नाही.

तिथून बोलणे सुरू झाले. आधी मातीचे. ही माती काळी दिसते पण चिकट नाही. या गायींना शिंगे का नाहीत. एवढा मोठा मळा आणि माणूस एक दिसत नाही. मग भावकीचे, मग जुने. विश्वंभरने एकदा सांगितले, “लग्नात म्या तुला पाह्यलंच न्हाई. ताप व्हता मला. चार दिसांनी पाह्यलं तं तू हंडा घेऊन चालली व्हती. म्हनलं, ही कोन आली आपल्या घरात?”

“मंग कोनाला इच्यारलं का न्हाई?”

“कोनाला इच्यारू? लाज वाटली.”

शकुबाई इतकी हसली की समोरून कुत्रे घेऊन जाणारी बाई थांबून हसून गेली. मग तिनेही सांगितले. नवी नवरी असताना त्याच्या खोकल्याची तिला भीती वाटे. माहेरी परत जायचे म्हणून ती एकदा फाट्यापर्यंत येऊन बसली होती, आणि गाडी वेळेवर आली नाही म्हणून ती या घरात राहिली.

“व्हय? मला कवा सांगितलं न्हाई.”

“कवा सांगनार? कुठं बसून सांगनार?”

खरेच, कुठे बसून? घरात अकरा माणसे होती. शेतात गडी, बाया. रात्री तो ओसरीवर, ती माजघरात पोरांजवळ. त्यांच्या संसारात सगळे काही होते, बसायची जागा तेवढी नव्हती. ती जागा त्यांना अशी परक्या मुलखात, दुसऱ्याच्या बाकावर, पाऊण पाऊण तासाच्या हिशेबाने मिळाली. वरून मुले परत येत, घामेजलेली, फोनमधले फोटो दाखवत. “आई, वरून काय दिसतं म्हणून सांगू!” शकुबाई मान डोलावी, आणि आणखी एखादा मजला असता तर बरे झाले असते, असे मनाशी म्हणे.

नववा रविवार एका नदीकाठच्या गावी होता. त्या गावाचे नाव तिला कधीच उच्चारता आले नाही. वर किल्ला, खाली हिरवळ, हिरवळीवर बाक. समोर एक तरुण जोडपे लेकराला चालायला शिकवत होते. वर्ष-सव्वा वर्षाची पोर. चार पावले टाकी, धपकन बसे, पुन्हा दोन्ही हात टेकून ढुंगण वर करून उठे. विश्वंभर बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “मनू अशीच उठायची.”

शकुबाईचा दशमीचा घास हातात राहिला. छत्तीस वर्षांत त्या माणसाच्या तोंडून हे नाव निघाले नव्हते.

मनकर्णा हे तिचे नाव, विश्वंभरच्या आजीचे ठेवलेले. अनिरुद्धच्या आधीची, पहिली. चौदा महिन्यांची असताना, मार्गशीर्षात, तिला ताप चढला, झटके आले. विश्वंभर आणि त्याचे चुलते तिला वसमतला दवाखान्यात घेऊन गेले. शकुबाईला पाचवा महिना होता. सासूने तिला दारातून पुढे जाऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी दोघे पुरुष परत आले, न्हाणीत जाऊन अंगावर पाणी घेतले, आणि सासूने शकुबाईला आत नेऊन बसवले. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, माती देतात. आणि त्या मातीला आईने जायचे नसते, जागा विचारायची नसते, पोटात दुसरे असताना तर नावही काढायचे नसते. शकुबाईने विचारले नाही. पुढे चुलते वारले. विचारायची वेळ निघून गेली असे सगळ्यांनी धरले. फक्त तिने धरले नाही.

“कुठं ठेवलं ते तुला कवाच सांगितलं न्हाई,” बाकावर विश्वंभर म्हणाला. “गावी गेल्यावर दाखवतो.”

तिने पुढचे ऐकायला कान दिला. बोलले की हा माणूस थांबेल, एवढे तिला ठाऊक होते. पण तो तेवढेच बोलून थांबला, आणि मग मुले वरून परत आली.

जुलैत ती दोघे गावी आली. आल्या दिवशीच विश्वंभर पुढे आणि शकुबाई दहा पावले मागे चालू लागली. पोळा झाला, दिवाळी झाली. मार्गशीर्ष आला तेव्हा ती रोज वाट पाहत होती. तो आला तसा गेला. मग छातीतली कळ आली. अतिदक्षता विभागाच्या काचेतून त्याला पाहताना तिच्या मनात जे आले त्याची तिला पुढे कितीतरी दिवस शरम वाटली. नवरा जाईल ही भीती होतीच; पण तिच्यामागून दुसरी भीती आली होती, की हा गेला तर ती जागाही गेली.

“औंढा, औंढा!” लिंबाखालून कुणीतरी ओरडले. गाडी येताना दिसत होती. विश्वंभर रस्त्याकडे सरला.

शकुबाई निवाऱ्यातून उठून सरळ त्याच्यापाशी गेली. चार माणसे पाहत असताना ती त्याच्या बाजूला उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “ही गाडी जाऊ द्या. वसमतची धरू.”

त्याने तिच्याकडे पाहिले. “काहून? औंढ्याला...”

“तिकडं बाकावर म्हनले व्हते. दाखवतो म्हनून.”

औंढ्याची गाडी थांबली, माणसे चढली, गाडी गेली. विश्वंभर धुरळ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर तिला वाटला होता तसा राग नव्हता, विसरल्याची ओशाळगतही नव्हती. वसुलीला आलेल्या माणसापुढे घरात काहीच नसावे, तसा तो चेहरा होता.

“शकू,” तो म्हणाला, “तितं आता जाऊन काय व्हनार?”

“म्या पाहीन.”

वसमतच्या गाडीत कंडक्टरने दोघांना न्याहाळून तिकिटे फाडली. “मावशीचं अर्धं, काकांचं अर्धं. दोघं मिळून एक मानूस झाले बगा.” एरवी विश्वंभरने उलट टोला दिला असता. तो मागे पुरुषांत जाऊन बसला आणि खिडकीतून पाहत राहिला. जवळा बाजार मागे पडले. पुढे एका फाट्यावर तो दारापाशी येऊन उभा राहिला, आणि ती उतरली.

रस्ता सोडून गाडीवाट. दोन्ही बाजूंना हळद, कमरेइतकी, पाने अंगाला घासणारी. भादव्याचे ऊन चटचटत होते. विश्वंभर तीनदा थांबला. तिसऱ्या वेळी तिने पाण्याची बाटली पुढे केली. तो घोटभर प्याला, पण डोळ्याला डोळा देईना. वाट संपली तिथे ओढा होता. शकुबाईने मनात धरला होता तसा तो नव्हता. कालव्यासारखा सरळ, रुंद, खोल. दोन्ही काठ कापून काढल्यासारखे, त्यांवर एक झाड नाही.

विश्वंभर काठावर उभा राहिला. “हितं बाभळ व्हती,” तो म्हणाला. “एकलीच. वढ्याकडं वाकलेली. तिच्या बुडाला. कुत्री उकरू नयेत म्हनून काट्या टाकल्या, वर दगड ठेवला. खून म्हनून बाभळच धरली म्या. झाड कुठं जातंय, म्हनलं.”

“कुठाय बाभळ?”

“न्हाई आता. नऊ वर्सं झाली. वढा खोल करायचं काम आलं सरकारी. मशीन लावलं. काठ कापला, वढा सरळ केला, गाळ उचलून वावरात नेला. म्या मार्गशीर्षात आलो तं समदं उरकलेलं. कोनता जुना काठ, कोनता नवा, काई उमगना. लई हिंडलो.”

“मार्गशीर्षात आलो म्हंजी?”

त्याने चपलेने काठावरचे एक ढेकूळ सारले. मग म्हणाला, “दर वर्साला येत व्हतो. बाजाराचं निमित्त काढून.”

“एकलेच?”

“मायीनं यायची रीत न्हाई.”

“रीत,” शकुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. पण विश्वंभरने एक पाऊल मागे घेतले. “अठ्ठावीस वर्सं जागा व्हती. अठ्ठावीस वर्सं तुमी येत व्हते, अन् म्या घरी भाकरी बांधून देत व्हते बाजारला म्हनून. तवा एकडाव आनलं असतं तं म्या पाह्यली असती. आता काय दाखवता?”

ओढ्यात पाणी थोडेच होते. त्यावर उन्हाची तिरीप हलत होती.

“मंग तिकडं काहून म्हनले, दाखवतो म्हनून? जागा न्हाई हे ठावं असून?”

“खोटं न्हाई बोललो,” विश्वंभर घाईने म्हणाला. “तितं बसलो व्हतो तवा मला ती जागा हाय तशी दिसली. बाभळीसकट. वाटलं, गेलो की दाखवावं. हितं इमानातून उतरलो अन् मंग आठवलं, की न्हाई.” तो थांबला, दम घेतला. “चुकलं, शकू. लई चुकलं.”

त्याच्या ओठांचा रंग उडालेला तिने पाहिला. “बसा,” ती म्हणाली. स्वतः बांधावर बसली. त्याने गाडीवाटेकडे नजर टाकली. रस्ता फार दूर नव्हता, कुणीही पाहिले असते. मग तो तिच्याशेजारी बसला.

तिने विचारले, “अंगावर काय व्हतं?”

“तुपल्या जुन्या लुगड्याचं दुपटं. हिरवं.”

“काठाचं?”

“व्हय.”

“गळ्यातला दोरा काढला व्हता का?”

“न्हाई. काका म्हनले काढ. म्या न्हाई काढला.”

“डोकं कोन्या अंगाला?”

“तिकडं. दक्षिनेला.” त्याने हात केला. जागा नव्हती, पण दिशा होती. तिने तिकडे पाहून घेतले.

“दवाखान्यातच गेली?”

“दवाखान्यातच. पहाटं. मंग पैल्या गाडीनं निघालो.”

“गाडीत कशी आनली?”

“मांडीवर. दुपट्यात घेऊन बसलो. सांगितलं असतं तं गाडीत घेतलं नसतं. काका म्हनले, निजलंय असं धर. कंडक्टर आला. म्हनला, एवढ्या लेकराचं तिकीट लागत न्हाई.” विश्वंभरने तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवले. “घरापस्तोर न्यायला पाह्यजे व्हतं. तुला दाखवायला पाह्यजे व्हतं. काकानं हितंच उतरवलं. म्हनले, पोटुशी बाई हाय घरी. मला बी काई बोलता आलं न्हाई. चोवीस-पंचवीस वर्साचा असंन.”

एकोणतीस, शकुबाईने मनात दुरुस्ती केली, पण बोलली नाही. तिला तो चोवीसचाच दिसला होता.

“रामराम!” मागून आवाज आला. पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला टॉवेल, हातात विळा, हळदीतून वाट काढत येत होता. त्याने दोघांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “मी किसनसिंग. वावर मपलं हाय. तुमी काय मोजनीला आले का?”

“न्हाई, न्हाई,” विश्वंभर उठू लागला.

“मंग जमीन पाहून राहिले असाल. आदीच सांगतो, इकायची न्हाई.”

“फिराया आलोत, दादा,” शकुबाई म्हणाली. ती उठली नाही. “रविवार हाय.”

किसनसिंग क्षणभर पाहत राहिला आणि मग हसला. “हितं? हितं काय हाय माय पाह्यासारखं?”

“तुमची हळद चांगली आली.”

हे ऐकून तो माणूस खुलला. खाली उकिडवा बसला. “आदी हितं नुस्ता मुरूम व्हता, माय. कुसळ बी येत नव्हतं. वढ्याचं काम झालं तवा समदा गाळ म्या ह्या तुकड्यात आनून टाकला. लोकं येडं म्हनले. तुमी बसले त्या अंगाचा जुना काठच्या काठ ह्या वावरात पसरलाय. तवापासून पाहा, खत घालायची तकलीफ न्हाई.”

शकुबाईने मान वळवून शेताकडे पाहिले. ओढ्यापासून पार पलीकडच्या बांधापर्यंत हळदीची पाने उभी होती, रुंद, तकतकीत, वाऱ्याने एकाच अंगाला कललेली. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर नेली आणि तशीच परत आणली. विश्वंभर जमिनीकडे पाहत होता.

“केवढं हाय?” तिने विचारले.

“दीड एकर. चाला, घरी चला, चहा घ्या.”

“चहा नगं. गाडी धरायची. गुरुवारी मला परदेशी जायचंय, लेकाकडं.”

“असं व्हय! मंग तं मोकळं जायचं न्हाई.” किसनसिंग उठला. बांधाच्या कडेने उशिरा पेरलेला मूग होता. त्याच्या हिरव्या शेंगा तो दोन्ही हातांनी तोडू लागला. “वावरात आलेलं मानूस रिकामं गेलेलं चालत न्हाई आमच्यात. पदर धरा, माय.”

शकुबाई उभी राहिली. चपला तिने बांधावर बसतानाच काढून ठेवल्या होत्या. अनवाणी दोन पावले शेतात जाऊन तिने पदर पसरला. किसनसिंगने एक ओंजळ टाकली, दुसरी टाकली. तिसरी टाकताना तो म्हणाला, “मुगाला बी हा गाळ मानवला.”

परत फाट्याकडे येताना ती पुढे होती. पदर दोन्ही हातांनी धरल्यामुळे तिला भरभर चालता येत नव्हते. विश्वंभरला त्यामुळे थांबावे लागले नाही.

“आता जाते म्या,” मागे न पाहता ती म्हणाली. “संपदाकडं. आता जाववंल.”

“जा,” विश्वंभर म्हणाला. “दर रविवारी फोन कर. कुठं बसली ते सांग.”

“अन् तुमी?”

“म्या बी सांगन. हितं येऊन बसन एखाद्या रविवारी. किसनसिंग चहा देतो म्हनला.”

गाडीला गर्दी होती. एका मुलीने शकुबाईला जागा दिली. शेजारचा माणूस पुढच्या थांब्यावर उतरला तेव्हा विश्वंभर तिच्याजवळ बसला. मूगशेंगांनी भरलेला पदर तिने मांडीवर घेतला होता. गाडी खड्ड्यात आपटली की ती खालून एक हात लावी.

पलीकडच्या बाकावरची बाई बराच वेळ पाहत होती. शेवटी ती म्हणाली, “मावशी, पिशवीत टाका की शेंगा. हात अवघडून गेला असंल.”

विश्वंभरने खिशातून कापडी पिशवी काढली, उलगडली आणि तोंड उघडून पुढे धरली.

“राहू द्या,” शकुबाई म्हणाली. “ओझं न्हाई त्याचं.”

त्याने पिशवीची चौघडी घालून ती पुन्हा खिशात ठेवली, आणि तिच्या पदराला जागा व्हावी म्हणून आपला गुडघा थोडा आवरून घेतला.